शिआनची रात्र: वास्तूचा फोटो आणि वास्तूपुढच्या माणसाचा फोटो

चीनमधल्या शिआनच्या घंटाघरासमोर मी आईला उभं केलं आणि मोबाईलचा नाईट मोड लावून फोटो काढला. घंटाघर सुरेख आलं. हिरवी कौलं, सोनेरी कळस, छपराखालचं रंगकाम, सगळं लख्ख. आईचा चेहरा मात्र काळवंडलेला आणि फिस्कटलेला. हॉटेलवर परतल्यावर तिने तो फोटो हौसेने पाहिला, काही बोलली नाही, आणि मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याच चौकात पुन्हा गेलो तेव्हा कळलं, की ज्याला आपण सरसकट ‘रात्रीचा फोटो’ म्हणतो त्यात दोन निराळी कामं आहेत. एक वास्तूचा रात्रीचा फोटो, दुसरा वास्तूपुढे उभ्या असलेल्या माणसाचा. दोन्हींत घंटाघर दिसतं, म्हणून गल्लत होते.

घंटाघर १३८४ साली, मिंग राजवटीत बांधलं गेलं आणि १५८२ मध्ये आजच्या जागी हलवलं. तेव्हापासून ते तिथेच आहे, आठ सेकंद आणखी थांबायला त्याची हरकत नाही. म्हणून वास्तूच्या फोटोत वेळ आपल्या हातात असतो. कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा दगडी कठड्यावर टेकवायचा, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) १००, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र; एफचा आकडा लहान तितकं ते मोठं) एफ/८, शटर (प्रकाश आत येण्याची वेळ) आठ सेकंद, आणि बटण दाबताना हात लागू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर. चौकाला वळसा घालणाऱ्या बसगाड्यांच्या दिव्यांच्या रेषा होतात, त्याही छान दिसतात. सांभाळायचं ते एवढंच, की रोषणाईच्या जवळची भिंत पांढरीफटक पडू नये. तशी पडली तर शटरची वेळ निम्मी करा.

माणूस आठ सेकंद उभा राहू शकत नाही. श्वास घेतो, पापणी लवते, तोल एका पायावरून दुसऱ्या पायावर जातो. चेहरा स्पष्ट हवा तर शटर निदान १/६० सेकंद लागतं. आठ सेकंदांच्या तुलनेत हा प्रकाश ४८० पट कमी झाला. तो भरून काढायला ॲपर्चर एफ/८ वरून एफ/२ वर आणलं की १६ पट मिळतो, आयएसओ १०० वरून ३२०० वर नेला की ३२ पट. गुणाकार ५१२. म्हणजे हिशेब जुळतो! पण यामुळे फक्त मागचं घंटाघर पुन्हा पहिल्याइतकं उजळ होतं. चेहरा अजून काळाच राहतो, आणि खरी अडचण इथे आहे.

रोषणाईचे दिवे वास्तूकडे तोंड करून बसवलेले असतात. आपण वास्तूकडे पाठ करून उभे राहतो. तो सगळा झगमगाट आला तरी आपल्या पाठीवर येणार, चेहऱ्यावर त्यातला कणही नाही. डोळ्यांना हे जाणवत नाही, कारण डोळे अंधाऱ्या चेहऱ्याशी लगेच जुळवून घेतात. कॅमेऱ्याला दोन्ही एकाच वेळी टिपायचं असतं. म्हणून वास्तूच्या फोटोत प्रकाश आयता मिळतो आणि माणसाच्या फोटोत तो शोधावा लागतो, नाहीतर सोबत न्यावा लागतो.

शोधायचा तर घंटाघराजवळच नगारघर आहे, १३८० सालचं. त्याच्या उत्तरेला मुस्लिम मोहल्ल्याचा खाऊगल्लीचा रस्ता सुरू होतो. तिथल्या दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांवरचे दिवे हा माझ्या मते शिआनमधला सगळ्यात देखणा प्रकाश. माणसाला दुकानाकडे तोंड करून, दिव्यापासून दोन-तीन पावलांवर उभं करा. प्रकाश समोरून किंवा जरा बाजूने येऊ द्या, डोक्यावरून नको, नाहीतर डोळ्यांखाली खड्डे दिसतात. मागे नगारघर येईल अशी जागा शोधायला पाच-दहा मिनिटं फिरावं लागतं. ती जरूर द्यावीत. दुकानदार फ्रेममध्ये येणार असेल तर आधी विचारायचं, ‘ख-यी फाय-चाओ मा?’ म्हणजे फोटो काढला तर चालेल का?

तिथे जागोजागी तांगकाळातल्या पोशाखात, केसांत फुलं माळून फोटो काढून घेणाऱ्या मुली दिसतात. पोशाख भाड्याने, रंगभूषा आणि फोटोग्राफर असा हा ‘ल्यू-फाय’ नावाचा मोठा धंदा आहे. त्यांचे फोटो पाहून वाटतं, की वास्तूच्या उजेडानेच चेहरा असा तेजाळला आहे. थोडा वेळ बाजूला उभं राहून पाहा, सोबतच्या माणसाच्या हातात एक छोटा एलईडी दिवा असतो आणि तो चेहऱ्याच्या वर, तिरका धरलेला असतो. आपल्याकडे दुसऱ्या मोबाईलचा टॉर्च असतोच. त्यावर पातळ पांढरा कागद धरला की प्रकाश मऊ होतो. (पोशाखाबद्दल एक सांगावंसं वाटतं. घंटाघर मिंगकाळातलं, तांग राजवट त्याच्या साडेचारशे वर्षं आधीच संपलेली. तांग पोशाख दायान पॅगोड्यापुढे, म्हणजे शिआनमधल्या तांगकाळातल्या बौद्ध मनोऱ्यापुढे, जास्त शोभतो.)

कॅमेऱ्याचा फ्लॅश असेल तर ‘स्लो सिंक’ वापरा. यात शटर १/१५ सेकंद इतकं हळू ठेवतात, म्हणजे मागची वास्तू उमटते, आणि फ्लॅशचा क्षणभराचा झोत माणसाला गोठवतो. फ्लॅश पांढरा आणि रोषणाई पिवळी, म्हणून फ्लॅशवर नारिंगी जिलेटीन (रंगीत पारदर्शक कागद) लावायचं. नाहीतर माणूस कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

बीजिंगमध्ये राजवाड्याच्या तटाचा कोपऱ्यावरचा बुरूज खंदकापलीकडून टिपतात. तिथे उलट परिस्थिती आहे. वास्तूच्या फोटोसाठी स्वर्ग, कारण ५२ मीटर रुंद खंदकातलं पाणी लांब एक्सपोजरमध्ये, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवल्यावर, आरशासारखं होतं. माणसासाठी मात्र काठावर पुरेसा उजेड नसतो, दिवा नेल्याशिवाय तिथे चेहऱ्याचा नाद करू नये.

यातून सुटकेची एक वेळ आहे, सूर्यास्तानंतरचा निळा संधिप्रकाश. दिवे लागलेले असतात आणि आकाशाचा मंद उजेड चेहऱ्यावरही पडत असतो. तेवढी पंधरा-वीस मिनिटं दोन्ही फोटो एकाच फ्रेममध्ये जमतात. संपूर्ण चीनचं घड्याळ एकच, त्यामुळे वेळ शहरागणिक बदलते. डिसेंबरात बीजिंगला सूर्य पाचच्या आत मावळतो, तर पश्चिमेकडच्या शिआनमध्ये साडेपाचनंतर. जूनमध्ये शिआनला आठ वाजत येतात. जेवायला बसायच्या आधी हे बघून ठेवा.

आता अंतर. वास्तूच्या फोटोत आपण कुठे उभे राहतो यावर बरंच अवलंबून असतं, माणसाच्या फोटोत तर सगळंच. दायान पॅगोडा ६४.५ मीटर उंच आहे. तुम्ही त्यापासून २०० मीटरवर आहात आणि तुमच्यापुढे ५ मीटरवर १.६५ मीटर उंचीची व्यक्ती उभी आहे, असं धरा. फोटोत दोघांची उंची जवळजवळ सारखी दिसेल. आता तुम्ही फक्त ५ मीटर मागे या. व्यक्ती निम्मी होईल, पॅगोडा जवळपास तेवढाच राहील, म्हणजे तो तिच्या जवळजवळ दुप्पट उंच दिसेल. मग हवं तेवढं झूम करा, हे प्रमाण बदलत नाही. बहुतेक जण उलट करतात, पॅगोड्याच्या पायथ्याशी जातात आणि मान वर करून वाइड लेन्सने फोटो काढतात. तिथे मनोराही पडल्यासारखा दिसतो आणि माणूसही बुटका. ॲपर्चर जितकं मोठं उघडाल तितकी मागची वास्तू धूसर होते, म्हणून इथे ते एफ/४ च्या आसपास असू द्या. एफ/१.८ वर मागचे सात मजले विरघळून नुसता पिवळा ठिपका उरला, तर तो फोटो शिआनचा आहे हे सांगावं लागेल.

हा पॅगोडा खरोखरच वायव्येकडे किंचित कललेला आहे. फोटो सरळ करताना आजूबाजूच्या दिव्यांच्या खांबांवरून करा, मनोऱ्यावरून नको.

मराठी माणसाने इथे थोडं जास्त थांबावं असं मला वाटतं. ह्युएन त्संगने भारतातून नेलेले ग्रंथ ठेवण्यासाठी ६५२ साली हा पॅगोडा उभारला गेला, आणि त्याच प्रवासात तो दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन गेला होता. महाराष्ट्रातल्या लोकांबद्दल त्याने लिहून ठेवलं आहे. पॅगोड्याच्या दक्षिणेकडच्या चौकात ह्युएन त्संगचा पुतळा आहे, पाठीमागे पॅगोडा. सरावाला हीच जागा घ्या. पुतळा श्वास घेत नाही, त्यामुळे आधी त्याच्यावर अंतर आणि एक्सपोजर ठरवता येतं. मग आईला त्याच्या शेजारी उभं करायचं, टॉर्च तिरका धरायचा आणि म्हणायचं, ‘आई, आता जरा इकडे बघ.’