टॉवर कुणाच्या पैशांचा? सरकारी अनुदान आणि विकास शुल्क

मुंबई विमानतळावर, विलेपार्ल्याजवळ टर्मिनल 1 च्या बाजूला सुमारे 84 मीटर उंचीचा नियंत्रण टॉवर उभा आहे. 2013 मध्ये त्याचं उद्घाटन झालं. ‘सरकारने बांधला’ असं आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात बांधला विमानतळ चालवणाऱ्या कंपनीने, आणि वर बसून वैमानिकांना सूचना देणारे नियंत्रक आहेत भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे, म्हणजे केंद्राच्या संस्थेचे. त्यामुळे अशा कामांचा पैसा कुठून येतो, यावर बोलताना सरकारी अनुदान आणि विकास शुल्क (प्रवाशांकडून तिकिटासोबत घेतली जाणारी रक्कम) यांची सतत गल्लत होते.

गल्लत होण्याला कारणही आहे. दोन्ही पैसे विमानतळाला परत करायचे नसतात, त्यावर व्याज नसतं. दोन्ही ठरावीक कामासाठीच मिळतात. हिशेबातही दोघांना जवळपास एकच वागणूक मिळते: विकास शुल्कातून उभ्या राहिलेल्या मालमत्तेवर कंपनीला गुंतवणुकीवरचा परतावा लावता येत नाही, कारण तो पैसा तिने गुंतवलेला नसतो.

पण पैसा देतो कोण? आमदार निधीतून इमारतीसमोर पेव्हर ब्लॉक बसले आणि लिफ्ट बदलायला सोसायटीने घरटी वर्गणी काढली, यात जो फरक आहे तोच इथे आहे. अनुदान करदात्यांचं असतं. ते अर्थसंकल्पातून मंजूर होतं, आणि खर्चानंतर उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, द्यावं लागतं. ‘उडान’ या प्रादेशिक हवाई सेवा योजनेसाठी छोट्या धावपट्ट्या पुन्हा सुरू करायला केंद्राने 2017 मध्ये मंजूर केलेले 4,500 कोटी रुपये हे याचं ठळक उदाहरण. टॉवरपुरतं बोलायचं तर अमेरिकेकडे पाहावं. तिथल्या 2021 च्या पायाभूत सुविधा कायद्याने विमानतळांच्या मालकीच्या टॉवरसाठी पाच वर्षं दरवर्षी 2 कोटी डॉलर बाजूला काढले. विमानतळांनी अर्ज करायचे, तिथल्या केंद्रीय विमान वाहतूक प्रशासनाने त्यातून निवड करायची.

विकास शुल्क आपण भरतो, तेही तिकिटासोबत. विमानतळ प्राधिकरण कायद्याच्या कलम 22अ मध्ये ते त्याच विमानतळाच्या दर्जावाढीसाठी, विस्तारासाठी किंवा विकासासाठी घेता येतं. मुंबईत 2009 मध्ये देशांतर्गत प्रवाशामागे 100 आणि आंतरराष्ट्रीय प्रवाशामागे 600 रुपये आकारणी सुरू झाली, ती नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या पत्राच्या आधारे. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे चालणार नाही असं सांगितलं: कायद्याने नेमलेला स्वतंत्र नियामक असताना दर त्यानेच ठरवला पाहिजे. हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. अनुदानावर निदान संसदेत प्रश्न विचारता येतो. प्रवाशांच्या खिशातून जाणाऱ्या पैशावर मात्र कुणीतरी तपासणारा नसेल, तर तो पैसा सर्वांत निराधार.

तो तपासणारा म्हणजे विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण, बोलीभाषेत ‘एरा’. दर ठरवण्याआधी ते सल्लामसलत पत्र काढतं आणि हरकती मागवतं. प्रवासी संघटनाच नव्हे, साधा प्रवासीही लिहू शकतो. मुंबईत वर्षाला कोट्यवधी लोक विमानाने ये-जा करतात. त्यातल्या फार थोड्यांना हे माहीत आहे, आणि याची मला खंत वाटते.

तिकिटावर दिसणारं वापरकर्ता शुल्क वेगळं. ते विमानतळाच्या एकूण उत्पन्नाचा भाग असतं, एका कामाला बांधलेलं नसतं. नियंत्रकांच्या सेवेचा मोबदलाही निराळा. तो विमान कंपन्या मार्ग-दिशादर्शन आणि उतरतानाच्या दिशादर्शनाच्या शुल्कांतून भारतीय विमानतळ प्राधिकरणाला देतात.

म्हणून एखाद्या टॉवरच्या आधुनिकीकरणासाठी ‘सरकारी निधी मंजूर’ अशी बातमी आली, की मंजुरीचा कागद कुणाचा ते बघा. अर्थसंकल्पातली तरतूद किंवा मंत्रालयाचा मंजुरी आदेश असेल तर अनुदान. ‘एरा’चा आदेश असेल, तर पैसे तिकीट काढणाऱ्याचे.