क्वाड बाइकचे इग्निशन टायमिंग

क्वाड बाइकच्या, म्हणजे चार चाकांच्या एटीव्हीच्या, इंजिनात स्पार्क प्लगची ठिणगी पडण्याचा क्षण मागेपुढे करून ताकद वाढवण्याची पद्धत. हा क्षण अंशांत मोजतात. पिस्टन सर्वांत वर पोचतो तो बिंदू म्हणजे टीडीसी. तिथे पोचायला क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वरखाली चालीने फिरणारा दांडा, किती अंश फिरायची राहिली असताना ठिणगी पडते, तो आकडा म्हणजे टायमिंग. आकडा वाढवला की टायमिंग ॲडव्हान्स झाले, कमी केला की रिटार्ड. क्वाडवाल्यांत हा विषय निघाला की गाडी बहुतेकदा यामाहाच्या बॅन्शीवर येते, म्हणून ही नोंदही तिच्याच आधाराने पुढे जाते.

पेट्रोल आणि हवेचे मिश्रण एका झटक्यात पेटत नाही. ज्योत प्लगपाशी सुरू होऊन सिलिंडरच्या कडेपर्यंत पसरत जाते आणि त्याला वेळ लागतो. दाब सर्वांत जास्त व्हायला हवा तो पिस्टन खाली यायला लागल्यावर, टीडीसीनंतर साधारण 15 अंशांच्या आसपास. तेव्हा क्रँकला जोर चांगला मिळतो. त्यासाठी ठिणगी आधी पाडावी लागते. 6000 आरपीएमला क्रँक सेकंदाला 100 फेरे, म्हणजे 36,000 अंश फिरते. 20 अंश संपायला तिला अर्ध्या मिलिसेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि एवढ्यात आग बऱ्यापैकी पसरायला हवी. ठिणगी उशिरा पडली तर दाब पळून जाणाऱ्या पिस्टनच्या मागे धावतो. फार लवकर पडली तर वर येणाऱ्या पिस्टनलाच तो खाली ढकलू पाहतो. किक मारताना पायाला जो उलटा फटका बसतो, तो याचाच.

बॅन्शी 1987 साली आली आणि अमेरिकेत 2006 च्या मॉडेलपर्यंत विकली गेली. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारे इंजिन, 64 मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), 54 मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), 347 सीसी. हे आकडे ओळखीचे वाटले तर नवल नाही. 1983 पासून आपल्याकडे राजदूत 350 म्हणून आलेल्या आरडी 350 चे बोअर-स्ट्रोक हेच. ते इंजिन हवेने थंड होणारे आणि पॉइंटवर, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या यांत्रिक स्विचवर, चालणारे होते, एवढा फरक. आरडीत प्रत्येक सिलिंडरचे पॉइंट वेगळे, त्यामुळे टायमिंग दोनदा लावावे लागे, आणि दोन्ही सिलिंडर एकसारखे लावणारा मेकॅनिक शोधण्यात मालकाचे बरेच रविवार जात. बॅन्शीत सीडीआय, म्हणजे पॉइंटशिवाय ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा, आहे आणि दोन्ही प्लगना मिळून एकच कॉइल. प्लेट एकदा फिरवली की दोन्ही सिलिंडरचे टायमिंग सारखेच सरकते.

ही प्लेट म्हणजे मॅग्नेटच्या, म्हणजे क्रँकच्या टोकावर फिरणाऱ्या चुंबकाच्या चाकाच्या, आतली स्थिर स्टेटर प्लेट. कंपनीची प्लेट एकाच जागी बसते. हौशी लोक तिची स्क्रूची भोके कानशीने लांबट करतात किंवा लांबट भोकांची तयार प्लेट विकत घेतात. डाव्या बाजूचे कव्हर काढायचे, नट सोडायचा आणि मॅग्नेट पुलरनेच ओढायचा. हातोडीने ठोकून काढणारा माणूस क्रँकही वाकवतो आणि मॅग्नेटही कमजोर करतो. जुन्या जागी खूण करून प्लेट मॅग्नेट फिरण्याच्या उलट दिशेला सरकवली की प्लेटवरच्या पिकअपला, म्हणजे ठिणगीचा इशारा देणाऱ्या सेन्सरला, मॅग्नेटवरची खूण आधी भेटते, म्हणजेच टायमिंग ॲडव्हान्स होते. बॅन्शीवाल्यांच्या तोंडी ‘प्लस फोर’ हा शब्द असतो, म्हणजे मूळपेक्षा 4 अंश पुढे. पिस्टनच्या भाषेत हे किती? 110 मिमीच्या कनेक्टिंग रॉडसह 20 अंशांना पिस्टन टीडीसीपासून सुमारे 2 मिमी खाली असतो, 24 अंशांना सुमारे 2.9 मिमी. प्लगच्या भोकात डायल गेज लावून मोजणाऱ्याला हा फरक सहज दिसतो. मॅग्नेट पुन्हा बसवताना क्रँकचा निमुळता भाग आणि मॅग्नेटचे भोक तेल राहणार नाही असे पुसावे लागते. पकड त्या निमुळत्या जागेची असते, चावी, म्हणजे दोघांच्या खाचेत बसणारा धातूचा छोटा तुकडा, फक्त जागा दाखवते. पकड सुटली की चावी कापली जाते, आणि मग टायमिंग कुठे गेले ते स्ट्रोब लाइट, म्हणजे ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा, लावल्याशिवाय कळत नाही.

‘फुकटची ताकद’ असे या कामाचे वर्णन केले जाते. ते अर्धेच खरे आहे. टायमिंग नवी ताकद तयार करत नाही. वाईट पेट्रोल, कडक ऊन, वाळूत तासभर फुल थ्रॉटल आणि किक मारणाऱ्याचा पाय, या सगळ्यांचा विचार करून कंपनीने जी जागा राखून ठेवलेली असते, ती आपण वापरायला काढतो. टू-स्ट्रोकमध्ये आणखी एक गुंता आहे. तिथे सायलेन्सरचा फुगीर पाइप, म्हणजे एक्स्पान्शन चेंबर, इंजिनाइतकाच कामाचा. ठिणगी उशिरा पडली की जळण उशिरा संपते आणि जास्त उष्णता पाइपात जाते. तापलेल्या वायूत दाबाची लाट वेगाने धावते, परत लवकर येते, आणि पाइप वरच्या आरपीएमला जुळतो. टायमिंग पुढे घेतले की पाइप त्या मानाने थंड राहतो आणि जोर खालच्या बाजूला सरकतो. म्हणून 4 अंश ॲडव्हान्स केलेली गाडी मधल्या आरपीएमला उसळते, पण वर जाऊन लवकर दमते. अनेक टू-स्ट्रोक सीडीआय वरच्या आरपीएमला टायमिंग आपोआप मागे घेतात ते याचसाठी. प्लेट फिरवणाऱ्याच्या लक्षात बहुधा हे येत नाही की तो टायमिंगचा संपूर्ण आलेखच 4 अंशांनी उचलतो, किकपासून फुल थ्रॉटलपर्यंत.

ॲडव्हान्सची हद्द ठरते नॉकिंगने. ज्योत पोचण्याआधी कडेचे मिश्रण स्वतःच भडकले की डब्यात खडे खुळखुळल्यासारखा आवाज येतो. टू-स्ट्रोक क्वाडच्या कर्कश पाइपात तो ऐकूच येत नाही, हीच खरी अडचण. प्लग काढून बघावा लागतो. त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर काळे किंवा चकाकते कण दिसले तर ते पिस्टनचे ॲल्युमिनियम असू शकते. हेड उघडल्यावर पिस्टनच्या कडेला वाळूने टोचल्यासारखे खड्डे दिसतात. बचाव म्हणजे जास्त ऑक्टेनचे, म्हणजे स्वतःहून सहज न भडकणारे, पेट्रोल. मात्र अमेरिकी पंपावरचा 91 आणि आपल्याकडचा 91 एक नाही. तिथला आकडा आरओएन आणि एमओएन या ऑक्टेनच्या दोन मोजमापांची सरासरी असतो, आपल्याकडचा नुसता आरओएन, म्हणून तिथले 91 आपल्याकडच्या 95 च्या आसपास जाते. समुद्रसपाटीवर धोका जास्त. उंचावर हवा विरळ, दाब कमी, म्हणून तिथे थोडे जास्त ॲडव्हान्स चालून जाते. डोंगरात जुळवलेली गाडी कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिसच्या वाळूत, समुद्रसपाटीजवळ, तशीच चालवणे पिस्टनला महाग पडू शकते.

फोर-स्ट्रोक क्वाडमध्ये, उदाहरणार्थ यामाहाच्या रॅप्टर 660 मध्ये, प्लेटऐवजी मॅग्नेटची थोडी तिरकी ‘ऑफसेट’ चावी वापरतात. तिच्यामुळे मॅग्नेटच क्रँकवर काही अंश पुढे बसतो. 2006 च्या रॅप्टर 700 मध्ये फ्युएल इंजेक्शन आले. अशा गाडीत टायमिंग ईसीयूतल्या, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकातल्या, तक्त्यात असते, प्रत्येक आरपीएमला आणि थ्रॉटलच्या प्रत्येक टप्प्याला वेगळे. ते बदलायला कव्हर उघडावे लागत नाही. लॅपटॉप किंवा बदललेला ईसीयू पुरतो, आणि बॅन्शीच्या प्लेटला जे कधीच जमले नाही ते जमते: मधे पुढे, वर मागे.