एडिसनचं घर विकलं, मत मात्र शाबूत: भारतात राहणाऱ्या अमेरिकन नागरिकांची मतदार नोंदणी

आमच्या सोसायटीत गरुडछाप अमेरिकी पासपोर्ट आणि ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) कार्ड बाळगणारी सहा-सात घरं आहेत. वीस-पंचवीस वर्षं तिकडे काढून पुण्याला परतलेली मंडळी. एक वर्षाआड ऑगस्ट उजाडला की त्यातलं कोणी ना कोणी मला लिफ्टमध्ये गाठतं. "काका, न्यू जर्सीतल्या एडिसन गावचं घर तर विकून आलो. आता मत कुठल्या पत्त्यावर देणार?"

त्याच पत्त्यावर.

हे ऐकून बहुतेकांचा विश्वास बसत नाही, पण १९८६ सालच्या अमेरिकी कायद्याची ही सरळ तरतूद आहे. परदेशी राहणाऱ्या नागरिकाचा मतदानाचा पत्ता म्हणजे देश सोडण्याआधी त्याचं जिथे शेवटचं वास्तव्य होतं ते घर. ते घर विकलं असेल, भाड्याचं असेल, पाडून तिथे दुसरंच काही उभं राहिलं असेल, तरी चालतं. तिथे पत्र पोचण्याची गरज नसते. तुमचा मतदारसंघ ठरवायला लागणारी ती खूण आहे, एवढंच. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. "मुलगी आता सिअ‍ॅटलला असते, तिचा पत्ता टाकू का?" नाही. तुम्ही सिअ‍ॅटलला राहिलाच नाहीत, तर वॉशिंग्टन राज्यातलं मत तुमचं नव्हेच. घराचा क्रमांक आठवत नसेल तर जुनं टॅक्स रिटर्न काढा, त्यावर असतो.

पात्रतेचं फार लांबवत नाही. अमेरिकेचं नागरिकत्व हवं आणि निवडणुकीच्या दिवशी वय १८ पूर्ण हवं. ग्रीन कार्ड असलेल्यांना संघीय निवडणुकीत मत नाही आणि हे गमतीवारी घेऊ नका. त्याला दंड आणि वर्षापर्यंतची कैद आहे, शिवाय ग्रीन कार्ड जाऊन देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. मुलांकडे राहायला गेलेले आईवडील ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवर नेमके इथे फसतात. समोरचा माणूस भरभर विचारतो, मतदार म्हणून नोंदणी करायची का, आणि आपले लोक सवयीनं मान डोलावतात. तिथे स्पष्ट "नो" म्हणायला शिकवून पाठवा.

आणखी एक गल्लत. ओसीआय कार्डावर भारतात मतदार होता येत नाही. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांच्यासाठी भारतीय कायद्यातल्या २०१०च्या दुरुस्तीनं वेगळी सोय झाली, ती फॉर्म ६-अ ची. पण तिथे टपाली मत नाही. मतदानाच्या दिवशी पासपोर्ट घेऊन गावच्या केंद्रावर स्वतः हजर राहावं लागतं. पुढचं सगळं अमेरिकी नागरिकांसाठी आहे.

एकच फॉर्म, दोन कामं

फॉर्मचं नाव फेडरल पोस्ट कार्ड ॲप्लिकेशन, तोंडी एफपीसीए. नावात पोस्ट कार्ड असलं तरी तो साध्या कागदावर छापायचा. मतदार नोंदणी आणि मतपत्रिकेची मागणी ही दोन्ही कामं तो एकदमच करतो. तो एफव्हीएपी डॉट जीओव्ही या सरकारी संकेतस्थळावर मिळतो. हे संकेतस्थळ अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या अखत्यारीतलं आहे म्हणून दचकू नका. सैनिक आणि परदेशस्थ नागरिक या दोघांची सोय एकाच कायद्यात आहे, त्यामुळे.

आपल्याकडच्या कचेऱ्यांची सवय झालेले लोक माझ्याकडे फाइल घेऊन येतात. पासपोर्टच्या झेरॉक्स, साक्षांकित प्रती, दोन फोटो, एकानं तर शंभराचा स्टॅम्प पेपरही आणला होता. यातलं साधारणपणे काहीच लागत नाही. सोशल सिक्युरिटी क्रमांक किंवा त्या राज्याच्या लायसन्सचा क्रमांक, जन्मतारीख, तिकडचा शेवटचा पत्ता, इथला पत्ता, ईमेल आणि सही. नोटरी नको. राज्याराज्यांत बारीक फरक आहेत आणि नियमही बदलत असतात, म्हणून ज्या दिवशी फॉर्म भराल त्या दिवशी त्याच संकेतस्थळावर आपल्या राज्याचं पान उघडून वाचा. मागच्या खेपेला मित्रानं काय केलं त्यावर जाऊ नका.

सुरुवातीलाच एक चौकट भरायची असते, तिच्यापाशी थोडं थांबा. तुम्ही परत जाणार आहात, परत जाण्याचं नक्की नाही, की अमेरिकेत कधी राहिलातच नाही, यातलं एक निवडायचं. "नक्की नाही" निवडलं तर काही राज्यं फक्त संघीय पदांची मतपत्रिका पाठवतात: राष्ट्राध्यक्ष, सिनेटर, हाऊसचा (म्हणजे प्रतिनिधीगृहाचा) सदस्य. गव्हर्नर, शाळा मंडळ वगैरे त्यात नसतं. "म्हणजे टॅक्सवाले मागे लागतील का?" हा प्रश्न इथे हमखास येतो. नुसत्या संघीय पदांना मत दिल्यानं तुमच्या करात काही फरक पडत नाही, ना संघीय ना राज्याच्या. राज्याच्या निवडणुकीत मत दिल्यास मात्र काही राज्यं तुम्हाला रहिवासी धरू शकतात. कॅलिफोर्नियावाल्यांनी आपल्या सीएला विचारून घ्यावं. खरं उत्तर असेल तेच भरा, खाली शपथेवर सही आहे.

तिसरा पर्याय पुण्यात जन्मलेल्या मुलांसाठी. आईवडिलांमुळे नागरिकत्व मिळालं, पण तिकडे कधी राहिली नाहीत. बऱ्याच राज्यांत अशा मुलांना आईवडिलांच्या शेवटच्या पत्त्यावर मत देता येतं, काही राज्यांत येत नाही.

मतपत्रिका कशी हवी, या प्रश्नाला ईमेल किंवा ऑनलाइन असंच उत्तर द्या. त्या १९८६च्या अमेरिकी कायद्यात २००९ला झालेल्या दुरुस्तीपासून कोरी मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गानं पाठवणं सगळ्या राज्यांना बंधनकारक आहे. टपालानं मागवलीत तर पोस्टमन कधी उगवेल याची वाट पाहत बसावं लागेल.

आता सही. अनुभवाचे बोल सांगतो. इथे परतल्यावर बँकेच्या जुन्या खात्यासाठी मी कॉलेजच्या काळातली देवनागरी सही पुन्हा गिरवायला लागलो. हात तसा वळला आणि मतपत्रिकेच्या पाकिटावरही तीच उमटली. तिकडे नोंदीत माझी लायसन्सवरची इंग्रजी सही. आठवड्याभरात ईमेल आलं की सही जुळत नाही. दुरुस्तीचा कागद भरून पाठवला, मुदत संपायला दोन दिवस उरले होते. तेव्हापासून जुन्या लायसन्सची प्रत समोर ठेवूनच सही करतो. शाईच्या पेनानं कागदावर करा. टाइप केलेलं नाव ही सही नव्हे.

भरलेला फॉर्म राजधानी वॉशिंग्टनला किंवा मुंबईच्या वकिलातीला द्यायचा नसतो, तो तुमच्या स्थानिक निवडणूक कार्यालयाला जातो. न्यू जर्सीत काउंटी क्लार्क, कॅलिफोर्नियात काउंटीचं निवडणूक कार्यालय, मॅसॅच्युसेट्समध्ये गावाचा किंवा शहराचा क्लार्क. पत्ते आणि ईमेल त्याच संकेतस्थळावर आहेत.

तारखा

पुढची सार्वत्रिक निवडणूक ३ नोव्हेंबर २०२६ला, हाऊसच्या सगळ्या ४३५ जागांसाठी. ज्यांची मागणी वेळेत पोचली त्यांना ४५ दिवस आधी, म्हणजे १९ सप्टेंबरपर्यंत, मतपत्रिका पाठवणं राज्यांवर बंधनकारक आहे. म्हणून फॉर्म ऑगस्टच्या सुरुवातीलाच जायला हवा. मागच्या वर्षी भरला होता म्हणून गप्प राहू नका; दर वर्षी जानेवारीत नवा भरावा आणि घर बदललं की लगेच पुन्हा. गणपतीच्या गडबडीत ईमेलकडे दुर्लक्ष होतं, आणि काउंटीचं ईमेल स्पॅममध्ये जाऊन पडण्यात पटाईत असतं. तिथे रोज एक नजर टाका.

मत परत कसं पाठवायचं

खरी कटकट इथे आहे. कोरी मतपत्रिका ईमेलनं आली म्हणजे भरलेलीही ईमेलनं पाठवता येईल असं नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये ईमेल चालतं. न्यू जर्सीत ईमेल किंवा फॅक्स चालतो, पण मूळ कागदही टपालानं पाठवावा लागतो. कॅलिफोर्निया फॅक्स घेतं, ईमेल नाही. इलिनॉयला कागदच हवा. ईमेल किंवा फॅक्सनं पाठवताना मताच्या गुप्ततेवर पाणी सोडल्याचा कागद सही करून जोडायचा असतो, कारण तिकडे कोणीतरी तुमची मतपत्रिका उघडून बघणारच. घरी छापलेली मतपत्रिका यंत्रात जात नाही. कार्यालयातली माणसं ती अधिकृत मतपत्रिकेवर उतरवून घेतात. म्हणून गोल नीट, गडद भरा. छपाई ए-४ कागदावर केली तरी चालते, फक्त कडा कापल्या जात नाहीत ना ते पाहा.

कागद पाठवायचा तर तीन वाटा. पहिली, मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत नेऊन देणं. महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही तिच्याच कक्षेत येतात. संकेतस्थळावरचं 'पोस्टेज पेड' छापाचं पाकीट वापरलं तर तिकीट लावावं लागत नाही आणि राजनैतिक टपालातून ते अमेरिकेत पोचतं. पण त्याला चार आठवडेही लागू शकतात, म्हणजे सप्टेंबरअखेरीसच द्यायला हवं. वकिलातीत मतदान केंद्र नसतं, तिथे फक्त पाकीट घेतात. दुसरी वाट आपलं टपाल खातं. २०२५च्या ऑगस्टअखेर सीमाशुल्काच्या घोळात अमेरिकेचं टपाल काही आठवडे बंदच पडलं होतं, ते आठवलं की मला ही वाट नको वाटते. तिसरी, खासगी कुरियर. पैसे जातात, पण पावती आणि माग दोन्ही मिळतं. कुरियरवाले पोस्ट बॉक्सवर पोचवत नाहीत, तेव्हा कार्यालयाचा रस्त्याचा पत्ता आधी शोधून ठेवा.

काही राज्यांत उशिरा पोचलेलं मत पोस्टाचा शिक्का बघून धरतात, पण त्या भरवशावर राहू नका. निवडणुकीच्या दिवसाआधी पोचलं पाहिजे असंच धरून चाला. विस्कॉन्सिनसारख्या काही राज्यांत पाकिटावर साक्षीदाराची सही लागते. ती विसरली तर बाकी सगळं बरोबर असूनही मत बाद होऊ शकतं.

ऑक्टोबर लागला तरी मतपत्रिकेचा पत्ता नाही, असं झालं तर आधी कार्यालयाला ईमेल करा. उत्तर येवो न येवो, त्याच संकेतस्थळावरून फेडरल राइट-इन ॲबसेंटी बॅलट काढा. ही आणीबाणीची कोरी मतपत्रिका. तिच्यावर छापील उमेदवार नसतात. आपण हातानं उमेदवाराचं किंवा नुसतं पक्षाचं नाव लिहायचं, सही करायची आणि पाठवून द्यायची. नंतर खरी मतपत्रिका उगवली तर तीही भरून पाठवा. दोन्ही पोचल्या तरी कार्यालय एकच मोजतं, आणि दोनदा मत दिल्याचा ठपका येत नाही.