बोस्टनचा बर्फ समुद्रातून आला

२०१४-१५ च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बोस्टन शहरात पावणेतीन मीटरहून अधिक बर्फ पडला. तिथल्या नोंदींतला हा उच्चांक. जानेवारीचे तीन आठवडे सरले तरी बर्फ नावापुरताच पडला होता. मग २६ जानेवारीच्या रात्री पहिलं मोठं हिमवादळ आलं. बोस्टनमध्ये ६२ सेंटिमीटर, जवळच्या वुस्टरमध्ये तब्बल ८८ सेंटिमीटर बर्फ साचला. त्यानंतर महिनाभर वादळांची रांगच लागली. रस्त्यांवरून उचललेल्या बर्फाचा एक ढीग तर जुलैच्या मध्यापर्यंत वितळत होता!

एवढा बर्फ पडायला नुसती थंडी पुरत नाही. फार थंड हवेत वाफ फारशी मावत नाही. वाफ पुरवतो समुद्र. या किनाऱ्यापासून काही अंतरावर गल्फ स्ट्रीम हा उबदार प्रवाह वाहतो, आणि कॅनडाकडून आलेली गोठवणारी हवा किनाऱ्याच्या जमिनीवर ठाण मांडते. अरबी समुद्रातली चक्रीवादळं मुख्यतः कोमट पाण्याच्या वाफेवर पोसली जातात. बोस्टनकडच्या या हिमवादळांना त्याखेरीज जमीन आणि समुद्र यांच्यावरच्या हवेच्या तापमानातली तफावतही बळ देते. त्यामुळे कमी दाबाचा पट्टा एका दिवसात झपाट्याने खोल होतो. वारे केंद्राभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, म्हणून केंद्राच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावर ते ईशान्येकडून, थेट समुद्रावरून येतात. त्यावरूनच या वादळांना 'नॉरईस्टर' म्हणतात. त्यांनी आणलेली दमट हवा जमिनीलगतच्या थंड, जड हवेवर चढते, निवते आणि तिच्यातल्या वाफेचा बर्फ होतो.

केंद्र कुठून जातं, यावर सगळं ठरतं. किनाऱ्याच्या फार जवळून गेलं तर समुद्राची ऊब आत शिरते आणि पाऊस पडतो. फार लांबून गेलं तर शहर कोरडं राहतं. २६ जानेवारीच्या त्याच रात्री न्यूयॉर्कमध्ये ६० सेंटिमीटरच्या आसपास बर्फाचा अंदाज होता, भुयारी रेल्वेही बंद ठेवली होती. पण वादळ थोडं पूर्वेला सरकलं आणि सेंट्रल पार्कमध्ये जेमतेम २५ सेंटिमीटर बर्फ पडला. हवामानतज्ज्ञांवर टीकेची झोड उठली. मला ती अन्यायाची वाटते. शेकडो किलोमीटर पसरलेल्या वादळाची कडा काही दहा किलोमीटरच्या अचूकतेने आधी सांगणं अतिशय अवघड असतं.

बर्फाची खोली मोजतानाही तापमान विसरून चालत नाही. शून्याच्या आसपास एक सेंटिमीटर पाण्याचा साधारण दहा सेंटिमीटर बर्फ होतो, कडाक्याच्या थंडीत तो पंधरा-वीसही होऊ शकतो. ओला बर्फ जड असतो, फांद्या आणि विजेच्या तारा तोडतो. कोरडा, भुसभुशीत बर्फ वाऱ्याने उडतो आणि समोरचं दिसेनासं करतो.

'एवढा बर्फ पडतो, मग तापमानवाढ कुठली?' असं विचारणाऱ्यांनी समुद्राकडे पाहावं. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त वाफ मावते. त्या हिवाळ्यात न्यू इंग्लंडजवळचा, म्हणजे बोस्टन ज्या भागात येतं त्याच्या लगतचा समुद्र नेहमीपेक्षा उबदार होता. जमिनीवरचं तापमान शून्याखाली आहे तोवर ही जास्तीची वाफ बर्फ होऊनच खाली येते.