कंपनीकाळातल्या पोर्ट्रेटची हातानं रंगवलेली कॉपी

ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीच्या सुरुवातीच्या काळात, म्हणजे ढोबळमानानं १७६० ते १८३० मध्ये, युरोपियन चित्रकारांनी इथल्या नबाब-पेशव्यांची आणि आपल्या साहेबलोकांची जी तैलचित्रं काढली, त्यांच्यावरून आजच्या चित्रकारानं कॅनव्हासवर परत हातानं रंगवलेलं चित्र म्हणजे ही कॉपी. कॅनव्हासवर प्रिंट काढून वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारलेला माल यात धरत नाहीत, दुकानदार तोही 'हँडमेड' म्हणूनच विकतो ही गोष्ट वेगळी. भिंग लावून बघा, प्रिंट असेल तर बारीक ठिपके दिसतात आणि जेलचा फटकारा नाकावरून निघून सरळ गालावर जातो, त्याला नाक कुठं संपतं याचं काही पडलेलं नसतं.

मराठी माणसाला यातलं सगळ्यात ओळखीचं चित्र म्हणजे जेम्स वेल्सचं, सवाई माधवराव आणि नाना फडणवीस. वेल्स स्कॉटिश, १७९१ ला मुंबईत उतरला आणि पुढच्या वर्षी पुण्याला रेसिडेंट (पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा वकील) मॅलेटकडे आला, गंगाराम तांबट हा इथला कलाकार त्याच्या हाताखाली काम करायचा. १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले आणि नोव्हेंबरात वेल्सही गेला. मूळ चित्र लंडनला रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे, म्हणजे आपण बहुतेकांनी पेशव्याचा तो चेहरा पाहिला तो कुठल्यातरी नकलेत नाहीतर छापील चित्रातच.

अशी नक्कल करणं आजचं नाही. १७७० च्या दशकात टिली केटलनं फैजाबादला नबाब शुजाउद्दौलाची पोर्ट्रेट केली आणि तिथल्याच मिहरचंदनं त्यावरून लघुचित्र काढलं, तेही आपल्या पद्धतीनं, कागदावर. म्हणजे ओरिजिनल ताजं असतानाच कॉपी सुरू झाली होती.

कामाची पद्धत अशी. आधी साइज ठरवायची, कारण इंग्लंडात पोर्ट्रेटच्या कॅनव्हासची मापं ठरलेली असत, ३० बाय २५ इंच म्हणजे डोकं-खांदे, ५० बाय ४० म्हणजे 'हाफ लेंग्थ', आणि पूर्ण उभं चित्र ९४ बाय ५८, जे आजच्या टूबीएचकेच्या लिफ्टमध्ये जाणार नाही. मग फोटोवर आणि कॅनव्हासवर चौकोन पाडून रेखाटन, त्यावर तपकिरी पातळ हात, मग उजेड-सावली एकाच रंगात बसवायची, आणि ते वाळल्यावर पातळ पारदर्शक थर एकावर एक. घाईत एकाच बैठकीत चेहरा उरकला की तो मेणाच्या पुतळ्यासारखा दिसतो.

खरी पंचाईत इथंच आहे, कॉपी नक्की कशाची करायची? त्या काळचे किरमिजासारखे तांबडे रंग उजेडानं उडालेत म्हणून गाल पांढरे पडलेत, वार्निश पिवळं होऊन निळं आकाश हिरवट झालंय, आणि सावलीसाठी डांबरासारखं बिटुमेन वापरलं तिथं तर चित्राला मगरीच्या पाठीसारख्या भेगा गेल्यात. गिऱ्हाइकाला बहुतेक वेळा तेच पिवळं हवं असतं, 'अँटिक लुक'. त्यात एकाच चित्राचे नेटवरचे दोन फोटो घेतले तर एकात पगडी विटकरी आणि दुसऱ्यात कुंकवासारखी. माझं मत विचाराल तर चित्र काढलं तेव्हा जसं असेल तसं रंगवावं, आणि चहाचं पाणी फिरवून म्हातारं करायची हौस असेल तर ती फ्रेमवर करावी.

नागपुरात हे काम करताना दोन-तीन गोष्टी वेगळ्या होतात. तैलरंगात जे तेल असतं ते जवसाचं, ज्याची चटणी आपण विदर्भात भाकरीबरोबर खातो त्याच जवसाचं, फक्त शुद्ध केलेलं (आणि लिननचा कॅनव्हासही त्याच झाडाच्या सालीतल्या धाग्याचा, हे कळलं तेव्हा मी उगाच खूश झालो होतो). हे तेल उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, म्हणून मे महिन्यात पारा ४५ वर गेला की थर लवकर धरतो. पण तेव्हाच घरात कूलर चालू असतो, त्याचे तुषार आणि वूडवूलचा भुसा ओल्या चेहऱ्यावर येऊन बसतो, मग चित्र एका खोलीत आणि कूलर दुसऱ्या, माणूस घामाघूम. पावसाळ्यात उलटं, कॅनव्हास ढिला पडतो आणि मागच्या चौकटीच्या कोपऱ्यांतल्या पाचरी ठोकून परत ताणावा लागतो.

नागपूरच्या महाल भागातली चितारओळ आता गणपती-दुर्गेच्या मूर्तींसाठी ओळखली जाते, पण नावातच चितारी आहे. मूर्तीचे डोळे लिहिणाऱ्या हाताला पोर्ट्रेटचा डोळा काही परका नाही, बाहुलीतला उजेडाचा ठिपका कुठं ठेवायचा हे तो बरोबर जाणतो.

कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडे कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, त्यामुळे वेल्स किंवा केटलची कॉपी करायला अडचण नाही, फक्त ती ओरिजिनल म्हणून विकली की फसवणूक. पॅरिसच्या लूव्रमध्ये समोर बसून कॉपी करू देतात पण माप मूळ चित्राएवढं चालत नाही, ते याचसाठी. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याप्रमाणे १०० वर्षांवरचं चित्र पुरावस्तू ठरतं आणि देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे अमेरिकेतल्या लेकीकडे पेशव्यांची कॉपी पाठवायची असेल, आणि ती चहाच्या पाण्यानं चांगलीच म्हातारी केलेली असेल, तर ही जुनी नाही असं पुरातत्त्व खात्याचं सर्टिफिकेट आधीच काढून ठेवा. आणि मागच्या बाजूला कॅनव्हासवरच 'कॉपी', चित्रकाराची सही आणि साल लिहून घ्या, सीताबर्डीवरचा फ्रेमवाला मागून खाकी कागद चिकटवायच्या आधी.