‘ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य’ हे रकाने आले कुठून?

यवतमाळ-वाशीमकडच्या जिल्हा परिषद शाळांतल्या गुरुजींना हे चार शब्द पाठ असतात. डी.एड.ला पाठाच्या टाचणात उद्दिष्टं यांच्याखालीच लिहिलेली, प्रश्नपत्रिकेचा संविधान तक्ताही (कोणत्या उद्दिष्टाला किती गुण, हे दाखवणारा) याच रकान्यांत भरलेला. या रकान्यांचं मूळ परीक्षकांच्या एका अडचणीत आहे.

1948 साली बोस्टनला मानसशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात निरनिराळ्या विद्यापीठांचे परीक्षक एकत्र आले. एकमेकांचे प्रश्न वापरायचे, तर कोणता प्रश्न नेमकं काय तपासतो हे सांगणारी सामाईक भाषा हवी होती. शिकागो विद्यापीठाच्या बेंजामिन ब्लूम यांच्या संपादनाखाली 1956 मध्ये ती पुस्तकरूपात आली, बौद्धिक उद्दिष्टांच्या सहा चढत्या पायऱ्यांचं वर्गीकरण म्हणून: ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण, मूल्यमापन. भावनांच्या क्षेत्राचा खंड 1964 चा. हाताच्या कौशल्याचा खंड त्या गटाने काढलाच नाही. ती मांडणी पुढे इतरांनी केली, त्यांत 1970 मध्ये आपले आर. एच. दवे होते, ब्लूम यांचेच विद्यार्थी.

ब्लूम 1957-58 मध्ये स्वतः भारतात आले. घोकंपट्टीची परीक्षा बदलावी म्हणून त्यांनी कार्यशाळा घेतल्या, आणि ही भाषा हळूहळू बोर्डांत, अध्यापक विद्यालयांत रुजली.

इथे वर्ध्याचं नाव घ्यायलाच हवं. ब्लूमच्या आधी, ऑक्टोबर 1937 मध्ये, तिथल्या परिषदेतून आणि झाकिर हुसेन समितीतून गांधीजींची नई तालीम उभी राहिली: सात वर्षं मातृभाषेतून, हस्तोद्योगाभोवती शिक्षण. तकलीवर सूत काततानाच तारांचा हिशेब, म्हणजे गणित. हात आणि डोकं तिथे वेगळ्या रकान्यांत नव्हते. विदर्भातच जन्मलेली ही दृष्टी आपल्या तक्त्यांत उतरली नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.

2001 मध्ये अँडरसन आणि क्रॅथवोल यांनी ब्लूम यांचं वर्गीकरण सुधारलं. नवनिर्मिती सगळ्यात वर गेली. मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की ज्ञानाचेही चार प्रकार झाले आणि काम कसं करायचं याचं ज्ञान त्यांत स्वतंत्र मोजलं गेलं. कपाशीच्या शेतात वाढलेल्या पोरांकडे ते भरपूर असतं. ‘बोंडअळीची लक्षणं लिहा’ एवढंच विचारलं की ते कागदावर येत नाही. कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंग ओढून घेणाऱ्या) सलग तीन रात्री बोंडअळीचे आठ-आठ पतंग सापडले, तर बाबांना काय सांगशील आणि का, असं विचारलं तर येतं.