मानेला हात लावण्याआधी

ऑक्टोबर छाटणीनंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत विरळणीची लगबग सुरू होते. मांडव डोक्यावर, घड त्याहून खाली लोंबणारे, हातात बारीक कात्री. मान मागे टाकून आणि दोन्ही हात वर धरून मजूर तासन्‌तास मणी काढत असतात. त्याच जिल्ह्यात येवल्याचा पैठणी विणकर मागावर पुढे वाकून एकेक धागा उचलत असतो. दोघंही फिजिओथेरपिस्टकडे येतात तेव्हा तक्रार एकच सांगतात: मान दुखते.

दोघांच्या मानेत घडतं मात्र वेगवेगळं. मान मागे टाकली की मणक्यांच्या बाजूची छिद्रं अरुंद होतात. हाताकडे जाणाऱ्या नसा याच छिद्रांतून बाहेर पडतात. मान पुढे झुकली की छिद्रं मोकळी होतात, पण साडेचार-पाच किलोच्या डोक्याचा भार मानेमागच्या स्नायूंना सतत तोलून धरावा लागतो. मान मागे नेण्याच्या व्यायामाने विणकराला बरं वाटू शकतं. हातात कळ जाणाऱ्या बागमजुराला तोच व्यायाम बाधतो. दोघांच्या हाती व्यायामाचा एकच छापील कागद देणं म्हणूनच चूक आहे.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय नाशिकमध्ये दिंडोरी रस्त्यावर, म्हसरूळला आहे. राज्यातल्या बहुतेक फिजिओथेरपी महाविद्यालयांच्या पदव्या याच विद्यापीठाच्या. पदवीच्या अभ्यासक्रमात मानेचे सात मणके, नसांच्या आठ जोड्या, स्नायू आणि चाचण्या असं सगळं शिकवलं जातं. पदवीनंतरच्या प्रशिक्षणात खरा भर हवा तो क्रमावर: आधी काय विचारायचं, मग काय तपासायचं आणि कुठे थांबायचं. नवी तंत्रं शिकण्याची हौस समजण्यासारखी आहे, पण क्रम चुकला तर चांगलं तंत्रही घातक ठरतं.

पहिला प्रश्न असतो, या मानेला हात लावायचा की नाही? अपघात झाला असेल तर कॅनडात तयार झालेला एक नियम उपयोगी पडतो. रुग्ण पूर्ण शुद्धीत आहे, पण वय ६५ किंवा जास्त आहे, किंवा तो तीन फूट वा त्याहून उंचावरून पडला आहे, किंवा हातापायांना मुंग्या येत आहेत. यांतलं एकही असेल, तर एक्स-रे होईपर्यंत मान हलवायची नाही. संध्याकाळचा ताप, घटतं वजन आणि रात्री झोपमोड करणारं दुखणं एकत्र दिसलं, तर मणक्याचा क्षय आणि कर्करोग ही नावं डोक्यात यायलाच हवीत.

मज्जारज्जूवरचा दाब सगळ्यांत जास्त निसटतो, कारण त्यात मान फारशी दुखतही नाही. रुग्ण सांगतो की शर्टाची बटणं लागत नाहीत, चप्पल पायातून निसटते, चालताना तोल जातो. अशा वेळी त्याला चालवून बघायचं. मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारून अंगठा आपोआप आत वळतो का ते पाहायचं. ही हॉफमनची खूण. मनगटाजवळ अंगठ्याच्या बाजूला हातोडी मारल्यावर कोपर वाकण्याऐवजी बोटं मिटतात का, तळव्यावर रेघ ओढल्यावर पायाचा अंगठा वर उठतो का, हेही तपासायचं. ४५ वर्षांपुढचं वय ही पाचवी बाब. पाचांपैकी तीन जुळल्या तर दाबाची शक्यता खूप वाढते. तिथे मसाज नाही, ट्रॅक्शन (मान ओढून ताण देणं) नाही. चिठ्ठी लिहून रुग्णाला लगेच मेंदू-मणका तज्ज्ञांकडे पाठवायचं.

मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होणं दुर्मीळ, पण जिवावर बेतणारं. पूर्वी कधीच झालं नव्हतं असं अचानक मान किंवा डोकं दुखणं, सोबत चक्कर, दोन-दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं, चेहरा बधिर होणं, अशी लक्षणं असतील तर थेट रुग्णालय. सलूनमध्ये कुणी मान झटका देऊन मोडली होती का, हा प्रश्न आपल्याकडे आवर्जून विचारावा, आणि रक्तदाब मोजावाच. मान मागे वळवून धरायची आणि चक्कर येते का ते बघायचं, ही जुनी पद्धत भरवशाची नाही. तिच्यात चक्कर आली नाही म्हणून मान सुरक्षित ठरत नाही.

एवढं पार पडलं की २०१७ च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे दुखणं चार गटांपैकी कुठे बसतं ते बघतात: आखडलेली मान, ताबा हरवलेली मान (झटका बसल्यानंतरची यातच येते), मानेतून उठणारी डोकेदुखी आणि हातात उतरणारी कळ.

हातातल्या कळीसाठी चार चाचण्यांचा एक गट २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिली स्पर्लिंगची: मान दुखऱ्या बाजूला कलवून डोक्यावरून हलका दाब. दुसरी, डोकं हलकेच वर ओढल्यावर कळ कमी होते का. तिसरी, दुखऱ्या बाजूला मान ६० अंशांपेक्षा कमी वळते का. चौथी नस ताणण्याची: खांदा खाली धरून हात बाजूला न्यायचा, मनगट-बोटं मागे वळवायची, तळवा वर करायचा, हात बाहेरच्या बाजूला फिरवायचा आणि शेवटी कोपर सरळ करायचं. चारही जुळल्या तर नस दबल्याची शक्यता सुमारे ९० टक्के, तीन जुळल्या तर ६५ टक्के. अभ्यास ८२ जणांचाच होता, त्यामुळे आकडे दगडावरची रेघ मानू नयेत. पण नस ताणल्यावर काहीच झालं नाही, तर नस दबलेली नसण्याचीच शक्यता जास्त, हा त्यातला रोजच्या कामाचा भाग.

चुका नेमक्या इथेच होतात. स्पर्लिंगमध्ये सुरुवातीलाच जोर लावला जातो. खरं तर नुसती मान कलवल्यावर कळ आली, तर दाब द्यायची गरजच उरत नाही. नस ताणताना खांदा वर सरकू दिला, तर ताण नसेवर न येता खांद्यातच विरतो. शिवाय निरोगी माणसालाही कोपर सरळ होताना ओढ जाणवते. म्हणून हात तसाच ठेवून मान पलीकडे कलवायची, मग अलीकडे. ओढ त्यानुसार वाढली-कमी झाली आणि ती रुग्णाची नेहमीचीच कळ असेल, तरच चाचणी जुळली म्हणायची.

ताबा हरवलेल्या मानेसाठी ऑस्ट्रेलियात ग्वेन्डोलेन जल यांच्या गटाने बसवलेली चाचणी अगदी साधी दिसते. रुग्ण पाठीवर, गुडघे वाकवून. कपाळ आणि हनुवटी एका पातळीत. मानेखाली, डोक्याच्या कवटीला लागून, घडी केलेली, दाब दाखवणाऱ्या काट्याची हवेची पिशवी ठेवून दाब २० मिलिमीटर पाऱ्यावर आणायचा. मग हळूच 'हो' म्हटल्यासारखी मान डोलवून काटा २२, २४, २६, २८ आणि ३० वर न्यायचा. ज्या पातळीवर ताबा राहतो तिथे दहा सेकंद धरायचं, दहा वेळा. मान दुखणारे बरेच जण २४ च्या पुढे नीट जात नाहीत. इथे काट्यापेक्षा गळ्याकडे लक्ष हवं. गळ्याच्या बाजूच्या दोऱ्या ताठ झाल्या, श्वास रोखला, डोकं उचललं किंवा मान खाली दाबली, तर काटा ३० वर गेला तरी आतले खोल स्नायू काम करत नसतात. सैल सोडल्यावर काटा २० वर परत आला नाही, तर बाहेरचे स्नायू अजून ताणलेलेच आहेत.

हाताच्या अंदाजालाही वळण लावावं लागतं. अंगठ्याचा दाब वजनकाट्यावर देऊन बघितला की 'हलका' म्हणजे एकाचा दोन किलो आणि दुसऱ्याचा सहा, हे तिथल्या तिथे कळतं. दोघा शिकाऊंनी एकच मान वेगवेगळी मोजून आकडे ताडून बघणं हाही उत्तम सराव.

उपचार गटाप्रमाणे बदलतात. आखडलेल्या मानेला मणके हलकेच सैल करणं, पाठीचा वरचा भाग मोकळा करणं आणि त्याच दिवशी हालचालीचा व्यायाम. हातातल्या कळीला थांबून-थांबून ट्रॅक्शन आणि नस सरकवण्याचे व्यायाम. अगदी तीव्र अवस्थेत कॉलर थोडे दिवस चालते, महिनोन्‌महिने नाही. रुग्णाला एमआरआयचा अर्थ समजावून सांगणं हाही उपचारच आहे. जपानमध्ये मानेची कोणतीही तक्रार नसलेल्या १,२११ जणांचे एमआरआय काढले, तेव्हा सुमारे ८८ टक्क्यांच्या मणक्यांमधल्या चकत्या (गाद्या) फुगलेल्या निघाल्या. 'गादी सरकली' एवढ्या शब्दांनी घाबरलेला माणूस मान हलवायचीच थांबवतो आणि ती आणखी आखडते.

मग येतं काम. बागमजुराने भक्कम, रुंद पाट किंवा स्टूल घेऊन घड डोळ्यांच्या पातळीला आणावा. उलटा क्रेट नांगरटीच्या मातीत कलंडतो, तो नको. दर वीस-पंचवीस मिनिटांनी हात खाली सोडावेत, मान पुढे झुकवावी. विणकराने बैठक आणि माग यांच्यातलं अंतर मोजून घ्यावं. पुढच्या भेटीला फिजिओथेरपिस्टने कसं वाटतं हे विचारावंच, पण पहिल्या दिवशी ५२ अंशांवर अडलेली मान आज किती वळते, तेही त्याच खुर्चीवर, खांदे तसेच धरून, पुन्हा मोजावं. दोन-तीन भेटींत आकडा हलला नाही, तर गटच चुकला का हे तपासायला पुन्हा पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करावी.